पारवीचा तंग

किन्हीराजा,
चैत्र वद्य पंचमी, शके १८५८

दादा,

हे पत्र तू फोडशील की तसंच चुलीत घालशील, मला माहीत नाही. माझ्या लग्नात तू मांडवातून उठून गेलास. जाताना बाबांना म्हणालास, "पोरीच्या दुप्पट वयाचा नवरा, अन् तोही बिजवर. या घरचं मी पानीबी पिनार नाई." तेव्हापासून तुझा शब्द नाही. खांडव्याला रेल्वेत लागलास, एवढं आईकडून कळलं. पण आज मला भीती वाटते आहे आणि ती कोणाला सांगावी, तर तुझ्याशिवाय माणूस आठवत नाही.

आमच्याकडचा हेमसिंग मेला. तांड्यावरचा हेमसिंग, यांच्या घोड्यांचं सगळं तोच पाहायचा. पारवी घोडी त्यानंच शिंगरू असल्यापासून वाढवली होती. पुनवेला शेलूबाजारच्या जत्रेत घोड्यांची शर्यत असते. दरवर्षी पारवीवर हे स्वतः बसतात. आम्ही सगळे बैलगाडीनं आदल्या दिवशीच तिथे गेलो होतो, सासूबाईसुद्धा. शर्यतीच्या सकाळी यांना ताप भरला. वैद्य बोलावला, त्यानं अंगाला हात लावला आणि म्हणाला, बसायचं नाव काढू नका. मग हेमसिंगला बसायला सांगितलं. हे घोंगडी पांघरून राहुटीतून बाहेर आले आणि पारवीवर जीन स्वतःच्या हातानं कसलं. लोक म्हणाले, पाहा, तापात फणफणतो आहे पण घोडीची माया सुटत नाही.

बाभळीच्या वळणाला पारवी सगळ्यांच्या पुढे होती. तिथे जीन एका बाजूला घसरलं. हेमसिंग खाली गेला, पण पाय रिकिबीत अडकला. दादा, मी गाडीत उभी राहून पाहत होते. घोडी थांबली तेव्हा त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "ते जीन अपशकुनी हाये, जाळून टाका." गड्यानं ते उकिरड्यापाशी नेऊन टाकलं. मी शेणी आणायला गेले तेव्हा त्याचा तंग पाहिला. तंग म्हणजे जीन घोडीच्या पोटाखालून आवळतात तो चामड्याचा पट्टा. तो तुटला होता. पण अर्धा भाग सरळ, विळ्यानं भोपळा कापावा तसा, आणि अर्धाच धागे निघून फाटलेला. कापलेल्या कडेला मेण आणि काजळी लावली होती, म्हणजे वरून दिसू नये. मी तो पदराखाली घेतला आणि ज्वारीच्या कणगीत खाली दडवला.

कोणीतरी यांच्या जिवावर उठलं होतं, दादा. हे बसणार म्हणून तंग कापला आणि बिचारा हेमसिंग गेला. मला शेलूच्या पुंजाजीचा संशय येतो. गेल्या वर्षी जत्रेच्या तोंडावर त्याचा बादल घोडा तोंडाला फेस येऊन मेला होता. कण्हेराची मुळी चारली म्हणून त्याच्याच चाकराला, लखीरामला, सजा झाली. तो अकोल्याच्या तुरुंगात आहे. पण पुंजाजी चारचौघांत म्हणायचा, यात यांचाच हात आहे. त्यानं सूड घ्यायचा ठरवला असेल तर तो एकदा चुकून थांबेल का?

यांना सांगू का? सांगितलं तर हे बंदूक घेऊन शेलूला जातील. नाही सांगितलं तर पुन्हा कोणी काही करील. मला काही सुचत नाही.

तुझी
पंचफुला


किन्हीराजा,
चैत्र वद्य दशमी

दादा,

तुझं उत्तर नाही. आता पाठवलंस तरी या घरी पाठवू नको. शेजारच्या गोमतीबाईच्या नावानं पाठव. असं काहून, ते सांगते.

मी यांना सांगितलं. हे जेवून पान लावत बसले होते. मी म्हटलं, "तंग तुटला नाई, कोनं तरी कापला होता. तुमच्यासाठी कापला होता."

मला वाटलं हे उठून उभे राहतील, शिव्या देतील, पुंजाजीचं नाव घेतील. हे हलले नाहीत. चुन्याचं बोट तसंच पानावर राहिलं.

"कोनाले सांगतलं हे?"

"कोनाले नाई."

"मायले?"

"नाई."

"कोनालेच नाई ना?"

तिसऱ्यांदा विचारताना यांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, दादा, पण सोडलं नाही. मग म्हणाले, "तो तंग कुठी हाये?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "चुलीत घातला."

खोटं का बोलले, ते मलाच कळलं नाही. त्या वेळी मनात काहीही नव्हतं. मनगट धरलेलं होतं, एवढंच. हे माझ्याकडे पाहत राहिले आणि मग हसले. "चांगलं केलं. अशा गोष्टी घरात ठेवू नाई."

त्या दिवसापासून मी दाराला कडी लावते. वाड्याचं मागचं दार, परसाकडचं फाटक, सगळं. विहिरीचं पाणीसुद्धा आधी मांजराला पाजते. आणि हे? हे अंगणात बाज टाकून उघड्यावर झोपतात, दार सताड उघडं. मी म्हटलं, निदान काठी तरी उशाला ठेवा. हे म्हणाले, "भितेस कायले? मले कोन मारते?" आणि कूस बदलली की घोरायला लागतात.

ज्याला कळलं आहे की आपल्याला मारायला कोणी तंग कापला, तो माणूस असा झोपतो का? तू रेल्वेत रात्रपाळ्या करतोस. सांग, झोपतो का?

मी हा प्रश्न स्वतःला विचारते आणि पुढचा विचारत नाही. पुढचा विचारायची हिंमत होत नाही.

पं.


किन्हीराजा,
वैशाख शुद्ध तृतीया

दादा,

आज अखिती. पुरणाची जेवणं झाली आहेत आणि मी माडीवर धान्य निवडायच्या निमित्तानं बसून हे लिहिते आहे. घाईत लिहिते, अक्षर लागत नसेल तर माफ कर.

काल दुपारी भुरीबाई आली होती, हेमसिंगची बायको. हे शेतावर गेले होते. ती परसदारी उभी राहिली. हेमसिंगचा चाबूक तबेल्यात राहिला होता, तो मागायला आली होती. मी चाबूक दिला. तिनं तो छातीशी धरला आणि तिथेच खाली बसली.

"मालकीनबाई, त्याले मरायचं नोतं अजून," ती म्हणाली. "त्याले वाशीमले जायचं होतं."

"कायले?"

"माह्या भावासाठी. लखीराम माहा भाऊ हाये ना."

मला हे माहीत नव्हतं, दादा. पुंजाजीकडचा लखीराम हा भुरीबाईचा सख्खा भाऊ. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग तिनं सगळं सांगितलं. बादल घोड्याला विष लखीरामनं दिलं नव्हतं. मुळी त्याच्या गाठोड्यात दुसऱ्या कोणी ठेवली होती. हेमसिंगला हे वर्षभर ठाऊक नव्हतं. होळीच्या सुमारास यांनी दारूच्या भरात त्याच्याजवळ फुशारकी मारली, की पारवी जिंकली ती कोणामुळे, आणि पुंजाजीचा घोडा कसा आडवा पडला. यांना लखीरामचं नातं ठाऊक नव्हतं. हेमसिंगनं तेव्हा तोंड उघडलं नाही. पण जत्रेच्या आदल्या दिवशी तो यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"म्या त्याले म्हनलं, मालकाले सांगू नको, गुपचूप कचेरीत जाय," भुरीबाई म्हणाली. "तं तो म्हने, या हाताचं मीठ खाल्लं, मागून वार करनार नाई. शर्यत होऊ दे, मंग मी वाशीमले जाऊन साहेबाले सांगतो, असं तोंडावर सांगून आला. मालक काईच बोलले नाईत म्हने. पाठीवर हात ठेवला."

ती गेल्यावर मी चुलीपुढे बसून राहिले आणि मला कांदा आठवला.

शर्यतीच्या दिवशी राहुटीतली वाकळ मी झटकली तेव्हा तिच्यातून ठेचलेला कांदा पडला होता. ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे सगळेच कांदा जवळ ठेवतात. मीही तसंच समजून फेकून दिला. पण दादा, तू शाळा चुकवायला काय करायचास? काखेत कांदा धरून उन्हात बसायचास आणि आईला म्हणायचास, हात लावून पाहा, किती ताप. वैद्यानंही हातच लावून पाहिला होता.

यांना ताप नव्हता. तापाचं सोंग घेऊन यांनी त्याला आपल्या जागी बसवलं. आणि जीन यांनीच कसलं.

तंग कापल्याचं मी ज्याला जाऊन सांगितलं, तो हाच.

मी आजच सकाळी भुरीबाईला निरोप पाठवून बोलावून घेतलं. सणाचं लुगडं द्यायचं म्हणून. कणगीतला तंग काढला, लुगड्याच्या घडीत घातला आणि तिच्या हातात दिला. "घरी जाऊन पाह्यजो," म्हटलं. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग लुगडं घट्ट धरून निघाली. ती फाटकाबाहेर पडली आणि समोरून हे आले. पारवीला पाणी पाजून येत होते. तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या लुगड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लय दया आली तुले," एवढंच बोलले.

दुपारी जेवताना यांनी आपणहून विषय काढला. "तुले माहेरची आठवन येत असन. परवा अनसिंगले नेऊन सोडतो. गाडीले पारवी जुंपतो. दोघंच जाऊ."

पारवी कधीच गाडीला जुंपत नाहीत, दादा. आणि हेमसिंग गेल्यापासून ती माणूस जवळ आलं की लाथा झाडते. माळेगावच्या पुढे घाट आहे, एका बाजूला खोल नाला.

मी नाही म्हणू शकत नाही. काय कारण सांगू? हे पत्र गोमतीबाई शेलूच्या पेटीत टाकील. तुला मिळेल तेव्हा मी कुठे असेन ते मला माहीत नाही. काही ऐकू आलं तर तंग भुरीबाईकडे आहे, एवढं लक्षात ठेव.


वाशीम,
वैशाख शुद्ध सप्तमी

दादा,

मी जिवंत आहे. आधी तेच लिहिते.

निघायच्या सकाळी हे गाडी घेऊन दारात आले. पारवीच्या तोंडाला फेस होता, कान मागे पडले होते. मी गाठोडं घेऊन उंबऱ्यापाशी उभी होते. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. तू प्रयागबाईंना पाहिलं आहेस, लग्नात बाबांशी मानपानावरून भांडल्या होत्या त्या. हातात काठी, डोक्यावरून पदर. कोणाला काही न विचारता त्या गाडीत चढायला लागल्या.

"माय, तू कुठी?" यांनी विचारलं.

"मीबी येतो. वाटेत वाशीमले बालाजीचं दर्शन घ्यायचं हाये."

"दोघांचीच जागा हाये."

"मी काई मोठी नाई," त्या म्हणाल्या आणि आमच्या दोघांच्या मधे येईल अशी जागा धरून बसल्या. मग मागे वळून गड्याला हाक मारली, "आरे, पारवी सोड. बैल जुंप. घोडीच्या गाडीत माहे हाडं मोडतीन."

हे आईकडे पाहत राहिले. त्याही यांच्याकडे पाहत राहिल्या. शेवटी यांनीच नजर खाली घातली. बैल जुंपले.

घाटात यांनी गाडी कडेला घेतली तेव्हा सासूबाईंनी माझा हात आपल्या मांडीवर ओढून घट्ट धरला. मी डोळे मिटून घेतले. बैलांच्या घुंगरांचा आवाज मोजत राहिले, चुकले की पुन्हा पहिल्यापासून.

वाशीमला बालाजीच्या देवळापाशी आम्ही दोघी उतरलो. हे बैलांना सावलीत घेऊन गेले. सासूबाई मला घेऊन आत गेल्या, पण गाभाऱ्यापाशी थांबल्या नाहीत. दुसऱ्या दारानं बाहेर काढून दोन गल्ल्यांपलीकडे आपल्या बहिणीच्या घरी नेलं. सोजरबाई नाव त्यांचं. दारातच मला म्हणाल्या, "तू इथंच राह्य. तिकडे येऊ नको आता."

मी म्हटलं, "आत्याबाई, तुमाले ठाऊक हाये?"

त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. म्हणाल्या, "मले येकच पोरगा हाये, पंचफुला. त्याले मी फासावर देनार नाई. पन तुलेबी देनार नाई." आणि काठी टेकत परत गेल्या. यांना काय सांगितलं कोण जाणे. संध्याकाळपर्यंत मी दाराआड उभी राहून रस्ता पाहत होते. हे आले नाहीत.

उद्या भुरीबाई तंग घेऊन येणार आहे. इथले एक वकील अर्ज लिहून देतो म्हणतात. मला साहेबापुढे उभं राहावं लागेल. आयुष्यात मी चार परक्या पुरुषांपुढे तोंड उघडलेलं नाही. तू असतास तर बरं झालं असतं.

पंचफुला


वाशीम,
कार्तिक वद्य द्वितीया

दादा,

तुझं कार्ड मिळालं. सोजरबाईंच्या पत्त्यावर आलं. दोनच शब्द, "येऊन जाय." मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आधी निकाल सांगते.

पावसाळाभर खटला चालला. मी साक्ष दिली. कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं तर मला घेता येईना. शेवटी शिपायानंच मोठ्यानं सांगितलं आणि सगळे हसले. मी तंगाचं सांगितलं, कांद्याचं सांगितलं, माझं मनगट धरलं ते सांगितलं. यांच्या वकिलानं विचारलं, कांदा कुठे आहे? मी फेकून दिला होता. विचारलं, तंग कापताना पाहिलं का? नाही पाहिलं. हेमसिंगचं बोलणं तुम्ही ऐकलं का? नाही, भुरीबाईनं ऐकलं. वैद्यानं शपथेवर सांगितलं, अंग तापलेलं होतं. तंग कापला होता हे साहेबानं मानलं, पण म्हटलं, तो अनेकांच्या हातांतून गेलेला आहे, कोणी कापला आणि केव्हा, हे ठरत नाही.

हे समोर उभे होते. धोतर परीटघडीचं, डोक्याला फेटा. मी बोलत असताना माझ्याकडेच पाहत होते, जेवायला वाढताना पाहायचे तसे. राग असता तर बरं वाटलं असतं.

मग सासूबाईंना बोलावलं. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि न विचारता बोलायला सुरुवात केली. म्हणाल्या, गेल्या साली जत्रेच्या आधी माझ्या पोरानं आपल्या पाट्यावर कण्हेराची मुळी वाटली. मी विचारलं तर म्हणाला, उंदरांसाठी. दुसऱ्या दिवशी पुंजाजीचा घोडा मेला. मी तो पाटा नेऊन नाल्यात टाकला, त्यावर पुन्हा मसाला वाटायची इच्छा झाली नाही. पाटा कुठे टाकला ती जागाही त्यांनी सांगितली.

साहेबानं विचारलं, "आणि हेमसिंगबद्दल?"

"जनावराचं पाह्यलं ते सांगतलं, साहेब. मानसाचं मले काई ठाऊक नाई."

त्यांनी मला घाटातून आणलं, पण त्या साक्षीत एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला समजलं त्या काय करत होत्या. पोराला फासापासून सोडवायला त्या त्याचा लहान गुन्हा सरकारच्या हाती देत होत्या.

तसंच झालं. घोडा मारल्याबद्दल आणि दुसऱ्यावर आळ घेतल्याबद्दल यांना तीन वर्षांची सक्तमजुरी. लखीरामला सोडायचा हुकूम अकोल्याला गेला. हेमसिंगच्या मरणाबद्दल काही नाही. यांना नेताना हे माझ्याजवळून गेले आणि हळूच म्हणाले, "पारवीले येळेवर पानी पाजत जाजो." दुसरं काही नाही. मी भिंत धरली. हे परत येणार, दादा. आणि आपलं घर आपलंच आहे असं समजून येणार.

कचेरीबाहेर भुरीबाई उभी होती. लखीराम सुटणार म्हणून तांड्यावरचे लोक तिला बरं झालं म्हणत होते. ती माझ्यापाशी आली. "घोड्याचा न्याय झाला, मालकीनबाई. माह्या मानसाचा?"

ती म्हणाली, "तांड्यावर अजून बोलतात, हेमसिंगले जीन कसता आलं नाई. पिऊन बसला असन म्हनतात. माह्या लेकरांच्या तोंडावर बोलतात. तुमी येऊन सांगा. साहेबानं आयकलं नाई, त्यायले तं आयकू द्या."

मला नको होतं. तांडा किन्हीराजाच्या शिवेवर आहे. यांची माणसं गावात आहेत, भाऊबंद आहेत, हे सुटून आल्यावर कोण काय सांगेल. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी लखीराम सुटून आला आणि त्याच्याच गाडीत बसून मी गेले.

सकाळची वेळ होती. नायकाच्या दारापुढे निंबाखाली सगळे जमले, बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. नायक गोविंदसिंग म्हातारा आहे, त्यानं मला बसायला घोंगडी टाकली. मी बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं. हेमसिंगचा धाकटा पोरगा आईच्या ओढणीत तोंड घालून उभा होता.

मी म्हटलं, "हेमसिंग पिलेला नोता. जीन त्यानं कसलं नोतं. तंग कापलेला होता, म्या ह्या हातांनी उचलला."

कोणीतरी मागून विचारलं, "कोनं कापला?"

दादा, लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव माझ्या ओठांवर कधी आलं नव्हतं. कचेरीतही आलं नाही. आपल्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मी पदर खाली सोडला.

"दौलतरावनं," मी म्हटलं. "माह्या नवऱ्यानं. दौलतरावनं हेमसिंगले मारलं."

मग म्हाताऱ्या नायकानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. बायांमधून एक रडायला लागली आणि तिच्यामागून सगळ्या. भुरीबाई मात्र रडली नाही. तिनं पोराला ओढणीतून बाहेर काढलं, समोर उभं केलं आणि म्हणाली, "आयकलं ना?" तो मान हलवून हो म्हणाला.

परत येताना माझे दात वाजत होते. लखीरामनं आपली घोंगडी माझ्या अंगावर टाकली. थंडी नव्हती.

सासूबाई किन्हीराजालाच राहतात, एकट्या. काल त्यांचा निरोप आला. पारवी विकली, परगावच्या एका माणसाला. आणि म्हणाल्या, "तो येईन तवा मी असो का नसो, तू तिथं राहू नको." मी एकदा जाऊन त्यांच्या पाया पडावं असं वाटतं, आणि त्या घराच्या दारात पाऊल टाकायला धजत नाही. नाही गेले. यापुढेही जाईन असं वाटत नाही.

दादा, माझी भीती गेलेली नाही. रस्त्यात मागून घोड्याची टाप ऐकू आली की मी भिंतीला लागते. तीन वर्षं म्हणजे किती, ते मला ठाऊक आहे.

मंगळवारच्या गाडीत बसते आहे. सोजरबाई स्टेशनापर्यंत येणार, अकोल्याला गाडी बदलायची ते मी लिहून घेतलं आहे. एवढ्या लांब एकटी कधी गेले नाही. खांडव्याला तू स्टेशनावर ये. तुझी पाळी असली, नाही येता आलं, किंवा आयत्या वेळी जुना राग आठवला, तरी मी उतरणार आहे.

तुझी बहीण
पंचफुला